पुस्तक पटलं, पण त्यातला आकडा आला कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पैसा, अर्थव्यवस्था, राजकारण, समाज या विषयांवरची पुस्तकं तुम्ही आवडीनं वाचता. एक वाचताना ते पूर्ण पटतं, मग नेमकं उलट सांगणारं दुसरं हाती येतं आणि तेही तितकंच पटतं. अशा वेळी विश्वास कशावर ठेवायचा, आणि या विषयांत नीट वाचायचं तर सुरुवात कुठून करायची?

अशी पुस्तकं छापून येण्याआधी त्यांतले आकडे आणि दाखले तपासणं हे माझं काम. बरीच वर्षं तेच करतो आहे, म्हणून आधी एक स्पष्टच सांगतो. पुस्तक पटणं ही लेखकाच्या हातोटीला मिळालेली दाद असते. त्याचं म्हणणं खरं आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. दोन परस्परविरोधी पुस्तकं दोन्ही पटली यात तुमचं काही चुकलेलं नाही. दोन्ही लेखकांना लिहिता येतं, एवढाच त्याचा अर्थ. पटतंय की नाही हे जरा बाजूला ठेवा आणि प्रत्येक पुस्तकाला एक प्रश्न विचारा: यानं नेमकं काय मोजलं, आणि मोजताना कोणाला दाराबाहेर ठेवलं?

यातला दुसरा भाग, कोणाला दाराबाहेर ठेवलं हा, जास्त कामाचा आहे. ‘गुड टू ग्रेट’ हे जिम कॉलिन्स यांचं २००१ सालचं पुस्तक घ्या. व्यवस्थापनावरच्या सर्वाधिक खपलेल्या पुस्तकांपैकी ते एक. त्यांच्या चमूनं १,४३५ कंपन्या चाळून ११ निवडल्या. आधी बराच काळ यथातथा चाललेल्या आणि मग पंधरा वर्षं शेअर बाजाराच्या सरासरीच्या किमान तिप्पट परतावा दिलेल्या या कंपन्या. त्यांच्यात समान काय सापडतं ते शोधलं आणि त्यातून मोठेपणाची सूत्रं मांडली. तुलनेसाठी दुसऱ्या कंपन्याही घेतल्या होत्या, म्हणजे काम आळसानं केलेलं नव्हतं. पण दोन्ही गट निवडले गेले ते निकाल पाहून. कोण जिंकलं हे ठाऊक असताना मागे वळून पाहिलं की जिंकणाऱ्याचा हट्ट ‘दूरदृष्टी’ दिसतो आणि हरणाऱ्याची तीच दूरदृष्टी ‘हट्ट’ दिसते. मुलाखती देणारे आणि त्या काळी बातम्या लिहिणारे, दोघांच्याही नजरेवर यशाची झाक चढलेली असते. २००८ च्या सप्टेंबरमध्ये त्या अकरांपैकी फॅनी मे ही कंपनी सरकारला ताब्यात घ्यावी लागली आणि नोव्हेंबरमध्ये सर्किट सिटीनं दिवाळखोरी जाहीर केली. दोन कंपन्या बुडाल्या म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही, कंपन्या बुडतातच. मुद्दा वेगळा आहे: तीच सूत्रं पाळून वर न आलेल्या कंपन्या किती होत्या, हे अशा मांडणीतून कळायची सोयच नसते.

याच्या शेजारी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं १९९० सालचं ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ ठेवून पाहा. त्याची पार्श्वभूमी अशी. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञानं एक गाजलेला निबंध लिहिला. सर्वांना मोकळं असलेलं कुरण डोळ्यांसमोर आणा, असं त्यानं वाचकाला सांगितलं. प्रत्येक गुराखी आपला एकेक जनावर वाढवत जाणार, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि झीज सगळ्यांची; शेवटी कुरण उजाड होणार. उपाय दोनच, खासगी मालकी किंवा सरकारी दंडुका. तर्क इतका गुळगुळीत की वीसेक वर्षं धोरणं आखणाऱ्यांनी तो जवळजवळ निसर्गनियम म्हणून वापरला. त्यात कुठलंही खरं कुरण मोजलेलं नव्हतं. ऑस्ट्रॉम यांनी खरी उदाहरणं गोळा केली. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात १५१७ सालचा नियम सापडतो: हिवाळाभर आपल्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामाईक कुरणात सोडायच्या. गावानं ठरवलेली, गावानंच दंड करून पाळलेली मर्यादा. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे पाण्याचे पाट, जपानी गावांची सामाईक वनं, फिलिपिन्समधल्या शेतकऱ्यांच्या पाणीसंस्था, अशी कितीतरी शतकं टिकलेली व्यवस्था त्यांनी तपशिलात मांडली.

माझ्या दृष्टीनं या पुस्तकाचं खरं बळ मात्र पुढच्या एका प्रकरणात आहे. तिथे मोडलेल्या आणि डळमळीत व्यवस्था येतात: तुर्कस्तानातली काही मासेमारी, श्रीलंकेतला एक सिंचन प्रकल्प, कॅनडाच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार. मग टिकलेल्यांत काय होतं जे मोडलेल्यांत नव्हतं, याची जुळणी होते. ‘लोक एकत्र आले की सगळं छान होतं’ असं गोड पुस्तक त्यांना सहज लिहिता आलं असतं आणि ते जास्त खपलंही असतं. आपल्या सिद्धान्ताला अडचणीची असलेली माणसं, गावं, वर्षं लेखकानं आत घेतली आहेत का? आम्ही हस्तलिखितात पहिल्यांदा हे शोधतो. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल ऑस्ट्रॉम यांना मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आणि हार्डिन यांनीही पुढे आपलं म्हणणं आवरतं घेतलं: आपण बोलत होतो ते व्यवस्थापन नसलेल्या सामाईक मालमत्तेबद्दल, असं १९९० च्या दशकात त्यांनी लिहिलं.

आता आकडे. आकड्यात चूक म्हणजे कोणीतरी मुद्दाम खोटं लिहिलं, असा सर्वसाधारण समज असतो. माझ्या कामात धादांत खोटा आकडा क्वचित सापडतो. नेहमी सापडतो तो खरा आकडा, पण सरासरी कशी काढली, आधारवर्ष कोणतं, भागाकारात खाली काय होतं, हे हरवलेला. याचं सर्वांत चांगलं उदाहरण पुस्तकातलं नसून शोधनिबंधातलं आहे, पण नंतर अनेक पुस्तकांनी आणि त्याहून जास्त राजकारण्यांनी ते वापरलं. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी मांडलं की प्रगत देशांत सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की सरासरी वाढ शून्याखाली, उणे ०.१ टक्क्यावर येते. जागतिक मंदीनंतरचे ते दिवस. सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्यांना आयता आकडा मिळाला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅम्हर्स्ट शाखेतला थॉमस हर्न्डन हा विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तीच आकडेमोड पुन्हा करायला बसला. उत्तर जुळेना. मूळ लेखकांकडे मागितल्यावर त्यांनी आपली स्प्रेडशीट पाठवली, आणि तिच्यात सरासरीच्या सूत्रातून पाच देश गळालेले निघाले: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. हर्न्डन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी पुन्हा मांडलेला आकडा अधिक २.२ टक्के आला.

ही गोष्ट सांगताना सगळे स्प्रेडशीटवर हसून थांबतात. त्या चुकीनं पडलेला फरक खरं तर लहान होता. मोठा फरक पडला तो काही देशांची काही वर्षं वगळल्यानं आणि सरासरीच्या पद्धतीनं. न्यूझीलंडचं १९५१ हे एकच वर्ष, उणे ७.६ टक्क्यांचं, आणि ब्रिटनची जास्त कर्जाची १९ वर्षं, सरासरी २.४ टक्क्यांची, या दोघांना हिशेबात सारखंच वजन दिलेलं होतं. याला चूक म्हणता येत नाही, ही निवड आहे. तिच्या बाजूनंही काही बोलता येतं. पण ‘९० टक्क्यांवर वाढ कोसळते’ या वाक्यात ती दिसते का? आणि हेही लक्षात घ्या की दुरुस्तीनंतरसुद्धा जास्त कर्जाच्या वर्षांतली वाढ कमी कर्जाच्या वर्षांपेक्षा कमीच राहिली. कड्यावरून कोसळणं मात्र नाहीसं झालं. कर्जामुळे वाढ मंदावते की वाढ मंदावल्यामुळे कर्ज फुगतं, हा प्रश्न उरलाच.

लेखकांनी स्प्रेडशीट दिली म्हणूनच चूक सापडली, याचं श्रेय मी त्यांना देतो. फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमा पिकेटी यांच्या भांडवलावरच्या जाडजूड ग्रंथाचंही तसंच. २०१४ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’नं त्यातल्या संपत्तीच्या आकड्यांवर गंभीर आक्षेप घेतले, पिकेटींनी सविस्तर उत्तर दिलं, ब्रिटनच्या आकड्यांवरून बराच वाद झाला. वाद घालता आला कारण त्यांनी सगळे तक्ते इंटरनेटवर उघडे ठेवले होते. ज्या पुस्तकावर असे हल्ले होतात ते कच्चं, असं समजू नका. ज्याच्यावर हल्ला करायला जागाच ठेवलेली नाही, त्याच्याबद्दल मला जास्त शंका येते.

आकड्यांचं आणखी एकच सांगतो, कारण ते जवळजवळ प्रत्येक पुस्तकात भेटतं: जगातली अतिगरिबी. ती मोजायची जागतिक बँकेची रेषा २०१५ मध्ये दिवसाला १.९० डॉलर झाली, २०२२ मध्ये २.१५, आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर. हे डॉलर बाजारातल्या विनिमय दराचे नव्हेत, क्रयशक्तीच्या तुलनेतून काढलेले असतात आणि दर वेळी त्यांचं आधारवर्ष बदलतं. २०२५ च्या बदलानं जगातल्या अतिगरिबांची संख्या कागदावर सुमारे १२.५ कोटींनी वाढली; त्या दिवशी कोणाच्या ताटातला घास कमी झाला नव्हता. म्हणजे २०१८ मधलं एक पुस्तक आणि २०२६ मधलं एक, यांतले गरिबीचे आकडे शेजारी ठेवून ‘गरिबी वाढली’ किंवा ‘घटली’ म्हणणं चुकीचं. कुठल्या रेषेनं, कुठल्या वर्षाच्या किमतींत, हे पुस्तकात सापडलं नाही तर तो आकडा सजावटीचा समजा.

तपासायचं कसं? सगळं तपासायला जाल तर वाचन संपलंच. मी पुस्तक मागून उघडतो. टिपा आणि संदर्भ पाहतो, मग ज्या आकड्यावर अख्ख्या पुस्तकाचा डोलारा उभा आहे तो एकच आकडा निवडतो आणि त्याचा माग काढतो. टीप दुसऱ्या लोकप्रिय पुस्तकाकडे बोट दाखवते का? ते पुस्तक वर्तमानपत्रातल्या लेखाकडे? तो लेख ‘तज्ज्ञांच्या मते’ वर संपतो? असे गोल फिरणारे आकडे आमच्या धंद्यात रोजचे. माग जनगणनेपर्यंत, सर्वेक्षणापर्यंत, ताळेबंदापर्यंत पोचला तर मी निवांतपणे पहिल्या पानावर येतो. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि मलपृष्ठावरच्या दहा थोरांच्या अभिप्रायांपेक्षा त्यातून जास्त कळतं. ते अभिप्राय बहुतेकदा लेखकाच्या मित्रांचे असतात, हे सांगायला नकोच.

पुस्तकाचं वय पाहायला विसरू नका. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांचं ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ २०११ चं. माणसं पैशाचे निर्णय कसे घेतात यावर मी आजही तेच सुचवतो. पण त्याचं चौथं प्रकरण, नकळत नजरेखालून गेलेले शब्द आपली वागणूक बदलतात असं सांगणारं, ज्या प्रयोगांवर उभं होतं त्यांतले बरेच पुढे पुन्हा करून पाहिल्यावर टिकले नाहीत. कानमन यांनी तर तिथे वाचकाला सांगितलं होतं की या निष्कर्षांवर अविश्वास ठेवायची मुभाच नाही. २०१७ मध्ये त्यांनीच जाहीरपणे मान्य केलं की लहान नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण फार भरवसा ठेवला. पुस्तक मात्र छापलंय तसंच दुकानात मिळतं. दहा वर्षांपेक्षा जुनं पुस्तक घेतलंत तर त्यातल्या मुख्य दाव्याचं पुढे काय झालं, एवढं आधी शोधा. इतिहासाच्या पुस्तकांना हे कमी लागू, मानसशास्त्रावर बेतलेल्यांना सर्वांत जास्त.

भाकितांचं त्याहून सोपं. आकडा आणि तारीख दोन्ही असेल तरच ते भाकीत. ‘डाऊ ३६,०००’ हे १९९९ मधलं पुस्तक आज थट्टेचा विषय आहे. डाऊ हा अमेरिकी शेअर निर्देशांक तीन ते पाच वर्षांत ३६,००० ला पोचणं शक्य आहे असं त्यात होतं. २००२ मध्ये तो ७,३०० च्याही खाली गेला आणि ३६,००० ला पोचला नोव्हेंबर २०२१ मध्ये. तरी त्या लेखकांना मी ‘लवकरच मोठं संकट येणार’ असं दर दोन वर्षांनी लिहिणाऱ्यांपेक्षा वरचा मान देतो. त्यांचं चुकलं हे निदान दाखवता आलं.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे: दोन उलट पुस्तकं, दोन्ही पटणारी. माझा सल्ला असा की मुद्दाम तशीच वाचा, पण एकाच प्रश्नावरची. १९४४ मध्ये हायेक यांचं ‘द रोड टू सर्फडम’ आणि कार्ल पोलान्यी यांचं ‘द ग्रेट ट्रान्सफॉर्मेशन’ ही दोन्ही आली. दोघांचा जन्म व्हिएन्नाचा, दोघांनी पहिल्या महायुद्धानंतरचं व्हिएन्ना पाहिलेलं, दोघांसमोर कोडं एकच: युरोप हुकूमशाहीकडे का गेला? एक म्हणतो सरकारी नियोजनाच्या वाटेनं, दुसरा म्हणतो समाजाला बाजाराच्या हवाली केल्यामुळे. जोडीनं वाचलं की दोघांनीही कुठल्या देशांबद्दल बोलायचं टाळलंय ते आपोआप दिसायला लागतं.

याहून मला आवडणारी जोडी म्हणजे केन्स आणि आंबेडकर. केन्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९१३ च्या पुस्तकात भारतातल्या चलनव्यवस्थेची, म्हणजे देशात सोन्याची नाणी न चालवता रुपयाचा सोन्याशी दर ठरवून ठेवणाऱ्या सुवर्ण विनिमय पद्धतीची, पाठराखण केली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ मध्ये तिच्यावर थेट हल्ला चढवला. रुपयाचा सोन्याशी विनिमय दर स्थिर दिसला तरी देशात त्याची खरेदीची ताकद स्थिर राहते का, हा त्यांचा सवाल होता. आणि रुपये हवे तितके काढायची मोकळीक सरकारच्या हाती राहते, हा आक्षेप. या पुस्तकाची प्रस्तावना जरूर वाचा. ती एडविन कॅनन या त्यांच्या प्राध्यापकांची आहे, आणि लेखकाचे बरेचसे युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत असं ते तिथे सरळ लिहितात. तरी त्याच्या विचारातल्या ताजेपणाची मनापासून तारीफ करतात. मतभेद नोंदवणारी प्रस्तावना स्वतःच्याच पुस्तकात छापणारा लेखक आज शोधून दाखवा!

मूळ पुस्तकं वाचायचा आणखी एक फायदा. अ‍ॅडम स्मिथ म्हटलं की ‘अदृश्य हात’ आठवतो. १७७६ च्या त्यांच्या ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’ या प्रचंड ग्रंथात तो शब्दप्रयोग एकदाच येतो. एकाच धंद्यातली माणसं जमली की बोलणं गिऱ्हाइकांविरुद्धच्या कटाकडे वळतं, हा इशाराही त्याच ग्रंथात आहे, आणि तो उद्धृत करणारे कमी.

स्वतःचा पैसा कसा सांभाळावा यावरच्या पुस्तकांबद्दल फार बोलत नाही, कारण त्यांत सांगण्यासारखं फार नसतं. कमाईपेक्षा कमी खर्च, महागडं कर्ज नको, पैसा एका ठिकाणी नको, शुल्क कमी. बाकीची पानं किस्से. शुल्काचा हिशेब मात्र स्वतः करून पाहा: वर्षाला ७ टक्क्यांनी १०० चे ३० वर्षांत ७६१ होतात, ५ टक्क्यांनी ४३२. दोन टक्के म्हणून सांगितलेलं शुल्क शेवटच्या रकमेतला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग घेऊन जातं. हा हिशेब ज्या पुस्तकात नाही आणि ज्याचा लेखक स्वतः गुंतवणुकीच्या योजना विकतो, ते ग्रंथालयातून आणलं तरी पुरे.

राजकारण्यांच्या आठवणी आधी सूचीतून वाचाव्यात. कोणाचं नाव असायला हवं होतं आणि नाही, ते पाहावं. एकाच बैठकीबद्दल दोन माजी मंत्र्यांची पुस्तकं मिळाली तर उत्तम. दोघंही सांगतात की विरोध फक्त मीच केला होता.

राहिला सुरुवातीचा प्रश्न. सगळं जग एका सूत्रात बसवणारे जाडे ग्रंथ पहिल्यांदा घेऊ नका. एका घटनेवरचं छोटं पुस्तक घ्या. अर्थतज्ज्ञ गॅलब्रेथ यांचं १९२९ च्या अमेरिकी शेअर बाजार कोसळण्यावरचं ‘द ग्रेट क्रॅश’ मला या कामी सर्वांत सोयीचं वाटतं: तारखा ठरलेल्या, माणसं ठरलेली, गोष्ट वेगवान, आणि विनोद कोरडा. त्याचं नाव इंग्रजीत ‘मोठा अपघात’ असंही ऐकू येत असल्यानं विमानतळावरच्या दुकानात ते विकायला ठेवत नव्हते, असा किस्सा लेखकानंच सांगितलाय. त्यानंतर त्याच घटनेकडे दुसऱ्या बाजूनं पाहणारं एक घ्या, मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्झ यांनी अमेरिकेच्या चलनाच्या इतिहासात त्यानंतर आलेल्या मंदीवर लिहिलेलं लांबलचक प्रकरण. दोष सट्ट्याचा की मध्यवर्ती बँकेचा, यावर गॅलब्रेथ यांचं आणि त्यांचं जमत नाही. दोन्हींतला बँका बुडण्याचा भाग शेजारी ठेवून वाचा, आणि कोणी काय मोजलंय ते कागदावर उतरवून काढा. फ्रीडमन-श्वार्ट्झ जड वाटलं तर तक्ते सोडून द्या, पण तळटीपा सोडू नका. बरंचसं भांडण तिथेच आहे.